हसणारा कुणाच्या बाजूचा?

नमस्कार मंडळी. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा... आपल्या बेळगाव भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. लहानपणी अशाच एका मांडवात, सतरंजीवर बसून मी पहिल्यांदा कथाकथन ऐकलं. कथाकार क्षणभर थांबायचा, आणि त्या थांबण्यानंतर सगळा मांडव एकदम हसायचा. पुढं मुंबईत निर्माता म्हणून टीव्हीसाठी विनोदी कार्यक्रम केले, पण कान तयार झाला तो इथंच.

निर्माता म्हणजे कोण, हे आधी सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथं निर्माता हे नोकरीतलं पद होतं. विजया जोगळेकर-धुमाळे, याकूब सईद ही त्या काळातली मोठी नावं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले ते त्याच दूरदर्शनवरून. खासगी वाहिन्या आल्या, शब्द तोच राहिला आणि काम बदललं. आता वाहिनी एपिसोडमागं रक्कम ठरवते. सेट, मानधन, जेवण, एडिटिंग हे सगळं निर्मात्यानं त्यात बसवायचं. पैशाचं हे गणित कुणीही शिकतो.

शिकायला वेळ लागतो तो दुसऱ्या गोष्टीला. एका स्किटमध्ये आपल्याकडचाच एक तरुण नट होता. भाजीवाल्याचं काम. रीडिंगला त्याच्या तोंडून सहज निघालं, "काय करूलालास रे?" म्हणजे, काय करतोयस रे? खोलीतले सगळे खो खो हसले. लेखकानं लगेच ते वाक्य पंच म्हणून शेवटी टाकलं. मी त्या पोराकडं बघत होतो. तोही हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रात्री लेखकाला घेऊन बसलो. वाक्य काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ती आपली बोली आहे, ती टीव्हीवर ऐकू आलीच पाहिजे. आम्ही जागा बदलली. भावात घासाघीस करणारं शहरी गिऱ्हाईक हळूच दोन लिंबं पिशवीत टाकतं, तेव्हा भाजीवाला मान वर न करता विचारतो, "काय करूलालास रे?" शब्द तेच. आता पकडलं जातं ते गिऱ्हाईक. एडिटला बसल्यावर त्या वाक्याआधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर १२ फ्रेम जास्त ठेवल्या, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात बघणाऱ्याला चोरी कळते.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात, राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. इथल्याच रावसाहेबांचं त्यांनी केलेलं व्यक्तिचित्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्या कानडी वळणाच्या मराठीला आपण पोट धरून हसतो, आणि तरी रावसाहेब आपल्याला घरचेच वाटतात. बोलीवर हसवायचं तर एवढी माया लागते. ती नसेल तिथं मी स्किट थांबवलंय, सेट लागलेला असतानाही. नुकसान झालं, वाहिनीचे लोक रागावले. मला त्याचं वाईट वाटत नाही.

एपिसोड लागला त्या रात्री त्या नटाच्या आईचा फोन आला, खानापूर तालुक्यातल्या गावातून. म्हणाल्या, "आमच्यासारखंच बोलला की ओ पोरगा." मग फोन गल्लीतल्या बायकांच्या हातात गेला, आणि प्रत्येकीनं मला ते वाक्य म्हणून दाखवलं.