अर्ज कॉलेजचा असतो

(दृश्य: अमेरिकेतलं एक छोटं कॉलेज. संध्याकाळ. विज्ञान इमारतीच्या तळमजल्यावर एकाच खोलीत दिवा.)

साडेचार वाजलेत. जीवशास्त्राच्या प्राध्यापिका आणि अनुदान कार्यालयातल्या अधिकारी एकाच स्क्रीनकडे बघत बसल्यात. नॅशनल सायन्स फाउंडेशनची, म्हणजे एनएसएफची मुदत कॉलेजच्या घड्याळाने पाचची. पाच म्हणजे पाच.

पंधरा पानांचा प्रस्ताव प्राध्यापिकांनी लिहिलाय, पण तो पाठवण्याचा अधिकार त्यांना नाही. फेडरल संशोधन अनुदान बहुतेक वेळा माणसाला नाही, संस्थेला मिळतं. म्हणून शेवटचं बटण दाबतो तो कॉलेजने नेमलेला प्रतिनिधी. इथे त्या, शेजारच्या खुर्चीतल्या बाई.

(दृश्य: वही, पेन्सिलीने खोडलेल्या नोंदी.)

सुरुवात झाली आठ महिन्यांपूर्वी. ग्रँट्स डॉट जीओव्ही या फेडरल अनुदानांच्या सरकारी संकेतस्थळावर शब्द टाकला की सूचनांचा ढीग येतो आणि नवखा माणूस तिथेच दमतो. प्राध्यापिकांनी उलटा रस्ता धरला: आधी कुणाला पैसे मिळालेत ते बघायचं. एनएसएफची अवॉर्ड सर्च, म्हणजे मंजूर अनुदानांची शोधयादी, सगळ्यांना खुली आहे, आरोग्य संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची, म्हणजे एनआयएचची, रिपोर्टर नावाची तशीच यादी आहे. आपल्या विषयावरचे, गाळातल्या जीवाणूंवरचे मंजूर प्रकल्प उघडले. प्रत्येकात सारांश, रक्कम आणि प्रोग्राम ऑफिसरचं, म्हणजे तो अनुदान कार्यक्रम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. त्या अधिकाऱ्यांना एक पानाचा मजकूर पाठवला, वेळ मागितली, फोनवर बोलल्या.

भारतातून इथे शिकवायला आलेल्या अनेकांना हा फोन करवत नाही. सरकारी साहेब, त्यांना कशाला त्रास द्यायचा? पण विषय आपल्या कार्यक्रमात बसतो की नाही हे सांगणं हे या अधिकाऱ्यांचं कामच आहे. माझं तर म्हणणं आहे, या फोनआधी प्रस्तावाची एक ओळही लिहू नये. पदवी कॉलेजांसाठी एनएसएफची आरयूआय आणि एनआयएचची आर१५ ही अनुदानाची वेगळी दारं आहेत, हेही बऱ्याच जणांना अशा बोलण्यातूनच कळतं.

(दृश्य: फायलींचं कपाट.)

मोठ्या विद्यापीठात या कामाला अख्खा विभाग असतो. इथे एकच बाई. सॅम डॉट जीओव्हीवरची, म्हणजे सरकारी पैसे घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावरची कॉलेजची नोंदणी दरवर्षी त्यांनाच नवी करावी लागते, ती चुकली की प्रस्ताव कितीही चांगला असो, पाठवता येत नाही.

४ एप्रिल २०२२ला संस्थेची ओळख सांगणारा जुना डन्स क्रमांक गेला आणि त्याजागी यूईआय हा नवा क्रमांक आला, तेव्हा मी अशाच एका कार्यालयात होते. आमच्या कागदांवर ‘स्ट्रीट’ पूर्ण लिहिलेलं, नोंदणीत नुसतं ‘एसटी’. एवढ्यावर पडताळणी अडकली, मुदत गेली. ज्यांचा प्रस्ताव होता ते काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

पैशांचंही असंच. ज्या कॉलेजांनी सरकारशी अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे प्रकल्पामागच्या सामाईक खर्चाचा दर ठरवलेला नाही, त्यांना त्यासाठी पूर्वी १० टक्के घेता यायचे, १ ऑक्टोबर २०२४पासून १५. वीज, हिशेब, या कार्यालयाचा पगार, सगळं त्यातूनच. हे पैसे कमी मागणं म्हणजे साधेपणा नव्हे, ती या बाईंच्याच खुर्चीला लावलेली कात्री आहे.

(दृश्य: पुन्हा स्क्रीन.)

चार बावन्न. बाई अंदाजपत्रकाची बेरीज शेवटची एकदा बोटाने तपासतात. बटण. प्रस्ताव क्रमांक उमटतो. तो पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून त्या मॉनिटरच्या कडेला चिकटवतात. निकालाला काही महिने लागतील. प्राध्यापिका वरच्या मजल्यावर जातात. फ्रीजमधले नमुने विद्यार्थ्यांनी नीट लावलेत का, ते बघायला.