आधी आटे मोजा : जुनी इटालियन सायकल घेताना

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसलात तर बरं, कारण पुढच्या काही मिनिटांत मिलिमीटरचे आकडे बरेच येणार आहेत.

जुन्या इटालियन रेसिंग सायकलींची नावं नुसती कानावर पडली तरी शौकीन माणूस विरघळतो. 1885 पासून चालत आलेली मिलानची बियांकी आणि तिचा तो आकाशी-हिरवा रंग. कांबियागोची कोल्नागो, जिच्यावर बेल्जियन शर्यतपटू एडी मर्क्सनं 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले. उगो दे रोझांची दे रोझा. मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमखालच्या, म्हणजे सायकल-शर्यतींच्या मैदानाखालच्या, कारखान्यात फालिएरो मासींनी जोडलेल्या फ्रेमा. त्यात 1997 पासून तोस्कानातल्या गायोले इन किआंती गावी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरू लागली. तिथली अट साधी आहे : रेसिंग सायकल 1987 च्या आधीची हवी, गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर हव्यात, पायडलला पट्टे हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या फिरलेल्या हव्यात. तेव्हापासून या सायकलींना गिऱ्हाईक कमी नाही. आणि जिथे गिऱ्हाईक नावावर भाळतं, तिथे नाव चिकटवणाराही हजर असतो.

म्हणून स्टिकर वाचू नका. लोखंड वाचा. कोल्नागोचं किलवरचं पान बहुधा नळ्यांच्या जोडावर कोरलेलं असतं, दे रोझाचा बदाम तसाच. नुसतं स्टिकर आहे, कोरीव काही नाही आणि रंग मात्र कोरा करकरीत, तर विचारपूस वाढवा. कोलंबस कंपनीच्या चांगल्या नळ्या ओळखायची एक खूण पुढच्या चाकाचा चिमटा काढल्यावर दिसते. चिमट्याच्या उभ्या दांड्यात खालच्या बाजूनं टॉर्च मारा. एसएल आणि एसपी या नळ्यांच्या दांड्यात आतून पिळाच्या उभट कडा फिरलेल्या दिसतात, बंदुकीच्या नळीत असतात तशा. स्टिकर कुणीही छापेल, या कडा कोण काढणार? आणि हेही ध्यानात ठेवा, की बियांकी नावाच्या 1980 च्या दशकातल्या काही सायकली जपानमध्ये बनल्या होत्या. त्या वाईट नाहीत, पण इटालियन म्हणून पैसे मोजू नका.

काळ ठरवायला काम्पान्योलो या इटालियन कंपनीचे सुटे भाग मदत करतात. तिच्या नुओवो रेकॉर्ड संचातल्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर, ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे असतात, 72, 76 असे. मागच्या आसाच्या लॉकनटवर ‘कॅम’ आणि दोन आकडे. हे वर्ष त्या भागाचं, सायकलचं नव्हे. डिरेलर बदलायला दहा मिनिटं लागतात. तीन-चार भागांवरची वर्षं एकमेकांच्या आसपास आली, तर मात्र सायकल मूळच्या सामानासकट आहे असं धरायला हरकत नाही.

आता फ्रेम सरळ आहे का ते बघू. कोलंबस एसएलची नळी टोकाला 0.9 मिलिमीटर जाड असते आणि मध्ये फक्त 0.6. समोरून धडक बसली की पहिला मार कुठे येतो? हँडलच्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाला. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. डोळे मिटा आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. पाण्यावरच्या तरंगासारखा उंचवटा लागला, किंवा तिथेच रंगाला आडवी भेग असली, तर रामराम करून निघा. मग एक दोरा घ्या. मागच्या चाकाचा आस बसतो त्यातल्या एका खाचेला बांधा, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेला आणून ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजा. फरक 2 मिलिमीटर आला तर मागचा भाग किंचित एका बाजूला आहे, तेवढं चालतं. 5-6 आला तर सरळ करायचा खर्च किमतीतून आधी वजा करा. वरच्या नळीवर ब्रेकची तार धरणाऱ्या पट्ट्या असतात, त्याही सैल करून बघा. स्वाराचा घाम वर्षानुवर्षं तिथेच मुरतो आणि पट्टीखाली गंज नळी खात बसतो.

आणि विक्रेता ‘छप्पनची फ्रेम’ म्हणाला, तर कुठून कुठपर्यंत ते विचारा. नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजणं आणि मध्यापासून टोकापर्यंत मोजणं यात साधारण दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात सायकल मोठी होते.

आता आजचा मुख्य विषय. आटे.

पायडलचे दोन्ही क्रँक ज्या आसावर बसतात, तो आस फ्रेमच्या तळाच्या एका आडव्या डब्यात फिरतो. याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. डब्याच्या दोन्ही तोंडांत छर्ऱ्यांचे कप आट्यांनी आवळलेले असतात. इंग्रजी पद्धतीत हा डबा 68 मिलिमीटर रुंद, आटे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवून आवळायचा, डाव्या बाजूचा सरळ आट्याचा. इटालियन पद्धतीत डबा 70 मिलिमीटर रुंद, आटे 36 मिलिमीटर व्यासाचे, तेही इंचाला 24, पण दोन्ही कप सरळ आट्याचे. सगळी गोची या शेवटच्या चार शब्दांत आहे. आपल्याकडचा मेकॅनिक सवयीनं चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा समजतो, घड्याळाच्या दिशेनं पाना मारतो आणि कप आणखी आवळत जातो. मग लांब पाइप लावतो. मग आटे जातात.

इंग्रजांनी एका बाजूला उलटे आटे उगाच दिले नव्हते. आस फिरताना छर्रे कपाच्या आतल्या भिंतीवरून घरंगळतात आणि कपाला आसाच्या उलट दिशेनं किंचित-किंचित ढकलत राहतात. चेनच्या बाजूनं पाहिलं तर आस घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणजे कपाला जोर मिळतो तो त्याच्या उलट. सरळ आट्याचा कप त्या जोरानं हळूहळू सुटतो. इटालियन सायकलीचा उजवा कप चालता चालता आपोआप सैल होतो तो असा. डाव्या कपाला तोच जोर आवळणारा पडतो, शिवाय त्याला लॉकरिंग असते. त्याची चिंता नाही.

त्यामुळे विकत घेण्याआधी कॅलिपर लावा. 70 भरलं तर इटालियन, 68 भरलं तर बहुधा इंग्रजी. आस काढलेला असेल तर त्याच्यावरही 70 किंवा 68 कोरलेलं मिळतं आणि कपावर 36 × 24. मग उजवा क्रँक वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहा. कप सैल असताना कुणी वर्षभर सायकल दामटली असेल, तर डब्यातले आटे भुगा झालेले असतात. इथे एक विचित्र अन्याय आहे. इंग्रजी डब्याचे आटे गेले तर तो कापून मोठा करता येतो आणि त्यात इटालियन आटे पाडता येतात, कारण 36 हा व्यास मोठा. इटालियन डब्याचे आटे गेले तर पुढे मोठं माप उरत नाही. मग बिनआट्याचं, दोन्हीकडून घट्ट पकडणारं बंद कार्ट्रिज बसवा, नाहीतर कारागिराकडून डबाच बदलून घ्या. दुसऱ्या उपायात रंग जळतो.

कप काढताना पाना निसटतो, कारण धरायला कडा अगदी पातळ असते. लांब बोल्ट, मोठे वायसर आणि नट घेऊन पाना कपावर आवळून टाका, मग तो निसटत नाही. घड्याळाच्या उलट फिरवा. आतले छर्रे पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे, एका बाजूला 11. काम्पान्योलो रेकॉर्डच्या हबमध्ये मागे हेच पाव इंची, एका बाजूला 9. पुढच्या हबमध्ये 7/32 इंचाचे, तेही 9. जुने छर्रे परत वापरू नका आणि नवे जुन्यांत मिसळू नका. जो छर्रा केसाइतका मोठा निघेल, सगळा भार त्याच्यावरच येतो.

त्याही आधी क्रँक निघायला हवेत. आपल्या काळ्या सायकलीसारखी कॉटर पिन इथे नसते, आसाचं टोक चौकोनी असतं. 15 मिलिमीटरच्या पान्यानं बोल्ट काढा आणि त्याच्यामागचा वायसरही आठवणीनं काढा. तो आत राहिला तर पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, त्याच्यावर टेकतो आणि क्रँकचे 22 मिलिमीटरचे आटे उपटून बाहेर येतो. पुलर शेवटपर्यंत आत घाला, दोन आट्यांवर भागवू नका. क्रँक हातात आला की स्वच्छ पुसा आणि जिथे चेनरिंगचे हात दांड्याला मिळतात त्या बेचक्यात भिंग लावा. काम्पान्योलोच्या जुन्या क्रँकना तिथे केसासारखी भेग पडते. नख अडकलं तर तो क्रँक भिंतीवर टांगायचा, रस्त्यावर न्यायचा नाही.

दुसरं मोठं दुखणं म्हणजे अडकलेला सीटचा दांडा. लोखंडी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा, मध्ये घाम आणि पाऊस. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, फुगते आणि दांडा जाम होतो. म्हणून सौदा ठरण्याआधी सीट आणि हँडल दोन्ही हलवून दाखवायला सांगा. ‘जरा घट्ट आहे’ असं उत्तर आलं, तर जाम आहे असं समजा. सोडवायचं असेल तर सायकल उलटी करा, बॉटम ब्रॅकेटच्या मोकळ्या डब्यातून सीटच्या नळीत झिरपणारं तेल सोडा आणि दोन-तीन दिवस रोज थोडं घालत राहा. मग सीट काढून दांड्याचं डोकं मजबूत व्हाइसमध्ये पकडा आणि फ्रेम फिरवा. फ्रेम स्वतःच लांब पाना होते. ठोकू नका. बरेच जण इथे शेगडी पेटवतात. पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, दोन्ही तापले तर दांडा आणखी घट्ट बसतो. उलट दांडा बर्फानं गार करा, तो आधी आकसतो. निघाल्यावर नव्या दांड्याचं माप ठरवा : एसएल नळीला बहुधा 27.2 मिलिमीटर, जाड एसपीला त्याहून थोडं कमी. 27.0 चा दांडा 27.2 च्या नळीत ‘चालून जातो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्यानं नळीचे कान चिरतात.

हँडलचंही तसंच. चिनेल्लीच्या जुन्या हँडलचा मधला व्यास 26.4, थ्री टी टी टीचा त्याहून किंचित कमी. दोन्ही नावं इटालियन, दोन्ही सुंदर, पण एकमेकांत बसवू नका. बारीक हँडल खड्ड्यात फिरतं, आणि जाड हँडल कोंबलं तर स्टेमला, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याला, तडा जातो. हँडलखालच्या बेअरिंगची खालची रिंग बदलताना जपानी 27.0 ची घेऊ नका; इटालियन चिमट्याला ती ढिली होते.

चाकांच्या बाबतीत मागच्या खाचांमधलं अंतर मोजा : पाच गिअरच्या काळात 120, सहाच्या काळात 126. लोखंडी फ्रेम 120 वरून 126 करता येते, दोन्ही बाजू तीन-तीन मिलिमीटर उघडायच्या आणि दोरा पुन्हा लावून बघायचा. जुन्या रेजिना फ्रीव्हीलला दोन खाचा असतात. काढायचा पाना क्विक रिलीजच्या, म्हणजे आसातून आरपार जाणाऱ्या चाक आवळायच्या, दांडीनं आवळून ठेवा आणि फ्रीव्हील सुटली की दांडी लगेच सैल करा, नाहीतर ती तुटते. टायर रिमला डिंकानं चिकटवलेले ट्युब्युलर असतील तर हवा सोडून अंगठ्यानं बाजूला ढकला. सोलून आले तर त्या डिंकावर एक वळणही घेऊ नका.

रंगाबद्दल थोडक्यात. जमेल तोवर नवा रंग देऊ नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मोटारीचं पॉलिश, तेही आधी खालच्या बाजूला तपासून. पेट्रोलनं जुनी स्टिकरं उठतात. क्रोमवरचा गंज स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतो. रॉकेल आटे आणि छर्ऱ्यांच्या कपांसाठी ठेवा.

शेवटी उजवा कप. आटे रॉकेलनं धुवा, कोरडे करा, निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा डिंक, लावा आणि बोल्टनं पकडलेल्या पान्यावर अंगाचा भार देऊन आवळा. एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी कपाच्या कडेवरून डब्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा आणि दहा-बारा किलोमीटर सपाट रस्त्यावर फिरून या. परत आल्यावर सायकल उलटी करून पाहा. रेघ केसभर जरी मोडलेली दिसली, तरी कप काढा, थ्रेडलॉकर खरवडा आणि पुन्हा धुण्यापासून सुरू करा. नमस्कार.