चकतीचे दुखणे आणि बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांचा हिशेब

श्रोतेहो, आजचा विषय खर्चाचा आहे आणि तो खर्च बहुतेक वेळा एमआरआयच्या अहवालापासून वाढू लागतो, म्हणून आधी त्याविषयी बोलतो. कंबर धरून आलेला माणूस फिल्मचे मोठे पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "माझ्या तीन गाद्या सरकल्या आहेत." कळ पायात कुठवर जाते, पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का, हे त्याला तोवर कोणी विचारलेलेही नसते. 1994 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय तपासले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची किमान एक चकती, म्हणजे मणक्यांमधली गादी, फुगलेली निघाली. वयानुसार केस पिकतात तशा चकत्याही झिजतात, आणि हे पहिल्याच भेटीत सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मिळाली नाहीत की माणूस धास्तावतो, वाकणे-चालणे सोडतो, अंथरुण धरतो आणि समोर येईल ते पॅकेज घेतो. ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर मांडत राहणार आहे.

कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला ताण देण्याचा उपचार, यांवर लोक सर्वांत निःशंकपणे पैसे घालतात. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी हे दोन्ही नेमाने वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सुचवले आहे. याउलट नीट समजावून सांगणे, झेपेल तेवढे चालते ठेवणे, व्यायाम शिकवणे आणि पुन्हा तपासणे यांत यंत्र नसते. तिथे मोल असते ते जाणकाराच्या वेळेचे. व्यायामानंतर पोटरीतली कळ वर सरकत कंबरेपाशी आली, तर ते बहुधा सुधारणेचे लक्षण असते, पण कंबर अधिक दुखते म्हणून रुग्ण नेमका तेव्हाच व्यायाम थांबवतो. हे ओळखायला कोणीतरी शेजारी उभे असावे लागते.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेले आणि बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांवर थांबलेले, दोन्ही गट वर्षअखेर जवळपास सारखेच बरे झाले. मात्र शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. बुडालेले काम हिशेबात धरले, तर लवकरची शस्त्रक्रिया परवडते, असेही त्याच संशोधकांनी पुढे दाखवले. तेव्हा थांबणे फुकट नसते: बैठे काम करणाऱ्याला ते आठवडे निभावता येतात, रोजंदारीवर ओझी उचलणाऱ्याला तेच सर्वांत महाग पडतात, आणि उपचार ठरवताना ही गोष्ट त्याला आधीच विचारायला हवी. जांघेत बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.