हळू गोळी, घट्ट ग्रुप

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, कोल्हापूरच्याच स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं. दोन्ही प्रकार ५० मीटरचे, दोन्हींत काडतूस पॉइंट टू-टू लाँग रायफल. म्हणजे हे काडतूस कोल्हापूरला काही नवं नाही. तरी नव्या नेमबाजाचा पहिला प्रश्न असतो, ‘जास्त स्पीडचं कुठलं?’ मॅचसाठी हा प्रश्नच उलटा आहे.

हाय व्हेलॉसिटी गोळी नळीतून सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते. २० अंश तापमानात आवाजाचा वेग ३४३. म्हणजे टार्गेटजवळ जाताजाता ही गोळी आवाजाच्या वेगाशी येऊन भिडते आणि त्याच टप्प्यात हवेचा अडथळा सगळ्यात जास्त असतो. वारा गोळीला किती ढकलणार, हे वाटेत तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. म्हणून वेगवान गोळी वाऱ्यात जास्त सरकते. ३२५ च्या आसपासची स्टँडर्ड गोळी आवाजाच्या खालीच सुरू होते आणि खालीच राहते. पटायला जड जातं, पण खरं आहे.

आता वेगाच्या सारखेपणाकडे या. ३२५ धरले तर ५० मीटरला ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्यात गोळी साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एखादं काडतूस सेकंदाला १० मीटरनं मंद निघालं, तर ती आणखी ८ मिलिमीटर खाली. टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर, म्हणजे नेम अचूक असून अख्खा गुण गेला. नळीच्या कंपनामुळे काही रायफलींत यातलं थोडं भरून निघतं, पण त्या भरवशावर बसू नका.

सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध पेट घेणारी टोपी असते) परदेशात दारू मोजून घालून वेग हवा तसा उतरवतात. पॉइंट टू-टूत ते जमत नाही. पेट घेणारं मिश्रण रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, घडीत असतं आणि पिनच्या ठोक्यानं ती रिम चेपते, पुन्हा भरायला काही उरत नाही. शिवाय परवान्याविना काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा आपल्या हातात एकच गोष्ट: लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं, निवडणं.

रायफल पक्की बांधा. आधीच्या काडतुसांच्या गोळ्यांवरचं मेण नळीत बसलेलं असतं, म्हणून नव्या लॉटच्या पंधरा-वीस गोळ्या नुसत्या जाऊ द्या. मग दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके. पाचाचा ग्रुप फसवतो. नशिबानं घट्ट येतो आणि माणूस तोच खिशात घालून फिरतो. चाळीसही छिद्रांचे मध्य १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसले, तर त्या लॉटची प्रत्येक गोळी दहा देऊ शकते. ग्रुप उभा लांबला तर आधी वेगातल्या फरकावर संशय घ्या आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून बघा. आडवा पसरला तर बहुधा वारा.

एप्रिल-मे मध्ये डबी उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. वारा थांबायची वाट बघताना भरलेलं काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये मिनिटभर राहिलं, तरी पुढची गोळी वर लागू शकते. थांबायचंच असेल तर बोल्ट उघडा, काडतूस काढा.

लॉट जुळला की डबीवरचा नंबर टिपा आणि सीझनभराचा माल त्याच नंबरचा घ्या. नाव तेच पण नंबर वेगळा असेल, तर चाचणी पहिल्यापासून.