दामाजीपंतांची पावती

(दृश्य : लालबागमधलं किराणा मालाचं दुकान. सकाळ. शटर अर्ध्यावर.)

शटर पूर्ण वर, म्हणजे धंदा चालू. पूर्ण खाली, म्हणजे दुकान बंद. आणि हे असं कमरेपर्यंत ओढलेलं, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय आणि शेठ अंदाज घेतायत. मुंबईत ही मधली उंची लहान पोरालाही कळते. वाकून आत जायचं, पाव किलो साखर घ्यायची, वाकूनच बाहेर पडायचं.

या शटरच्या खालच्या पट्टीला एक पोचा आहे. पहारीचा. पट्टी बदलून घ्या, असं शेठना गेली चाळीस वर्षं लोक सांगतायत.

पोचा १९८२ चा. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, पुढारी डॉ. दत्ता सामंत. पगार थांबला, चुली थांबल्या नाहीत, कारण गिरणगावातल्या वाण्यांनी उधारी चालू ठेवली. गोडतेल पळीने मापून द्यायचे आणि लाल कापडाच्या वहीत लिहून ठेवायचे. बरोबर सात महिन्यांनी, १८ ऑगस्टला, मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं. पोलीस संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. मधल्या काही तासांत या शहरात पोलीस होते, पण बंदोबस्ताला कुणी नव्हतं. जाळपोळ झाली. दुकानं फुटली.

त्या गर्दीत नेमकं कोण होतं, यावर चाळींच्या ओट्यावर अजून जुंपते. संपकरी होते, गुंड होते, नुसते बघे होते आणि बघता बघता हात धुऊन घेणारेही होते. आपण त्या भांडणात पडायचं नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. सात महिने पगार न मिळालेल्या माणसाने तांदळाचं पोतं उचललं, तर ते पाप होतं का?

(दृश्य : मंगळवेढा. दामाजीपंतांचं मंदिर.)

लुटीला आपल्याकडे देवळात जागा आहे. अतिशयोक्ती नाही ही. पंधराव्या शतकातला दुष्काळ, मंगळवेढ्याचे दामाजीपंत, बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार. पंतांनी ते भुकेल्यांना लुटू दिलं. त्यांना धरून न्यायला बादशहाची माणसं आली, तेव्हा विठोबा म्हणे विठू महाराच्या रूपात बिदरला पोहोचला होता, मोहरांची थैली घेऊन.

कीर्तनकार इथे रंगतात. डोळे पाण्याने भरतात, टाळ वाढतो, आणि एक बारीक गोष्ट निसटते. विठोबाने बादशहाची अक्कल ठिकाणावर आणली नाही, शिपायांना आंधळं केलं नाही. त्याने धान्याची किंमत भरली. आणि पावती घेतली! जुलमी बादशहाच्या धान्याची! मराठी माणसाच्या सगळ्यात पवित्र लुटीत देवालासुद्धा बिल चुकवावं लागलं.

हा हिशेबीपणा फक्त आपलाच आहे असंही नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धान्यदंग्यांचा अभ्यास ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने केला. भाव कडाडले की गर्दी बाजारात घुसायची, पोती ताब्यात घ्यायची, आणि तिला रास्त वाटेल त्या भावाने तिथेच विकायची. आलेले पैसे मालकाच्या हातात. काही ठिकाणी रिकामी पोतीसुद्धा परत.

(दृश्य : सुपे. आठवडी बाजार.)

आता घराजवळ या. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो ओसरून दहा वर्षं झालेली. सारा वाढलेला, कर्ज थकलेलं. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. धान्य गेलं, पण खरा जीव अडकला होता कागदात. कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेलं. सरकारने नेमलेल्या आयोगाने लिहून ठेवलंय की सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, तिथे बहुधा पुढे काही झालं नाही. कागद जळला की गर्दी घरी. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांना कर्जातून थोडाफार आडोसा देणारा कायदा झाला.

सुप्याच्या शेतकऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला काय हवंय ते त्याला माहीत होतं, आणि कुणाकडून तेही.

मुंबईत गणित इतकं सरळ राहत नाही.

(दृश्य : फोर्ट, नंतर परळ. जुनी छायाचित्रं.)

फेब्रुवारी १९४६. 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नाविकांनी बंड केलं. त्यांच्या तक्रारींत निकृष्ट जेवण अग्रभागी होतं. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, गर्दी रस्त्यावर आली, गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. त्या दिवसांत बँका आणि टपाल कचेऱ्या जळल्या, धान्याची दुकानं लुटली गेली. शहर तेव्हा रेशनवर जगत होतं. गांधीजींनी या हिंसेचा निषेध केला आणि अरुणा असफ अलींनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. टपाल कचेरी साहेबाची होती. धान्याचं दुकान मात्र बहुतेक वेळा गल्लीतल्याच कुणाचं तरी असतं, आणि दुसऱ्या दिवशी रांग त्याच दुकानासमोर लागते.

हल्ली एक युक्तिवाद ऐकायला मिळतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेत दुकानं फुटली, तेव्हा तो फार चालला. माल म्हणजे माणूस नव्हे, आणि दुकानाचा विमा असतोच की. पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं वाक्य घेऊन लालबाग ते भायखळा चालत जा आणि टपरीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, भाड्याच्या गाळ्यातल्या शिंप्याला विचारा, विमा आहे का. शिंप्याचं शिलाई मशीन हा माल आहे खरा, पण ते गेलं की शिंपी उरत नाही.

कायद्याला यातलं काही ऐकायचं नाही. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरीने माल नेला की तो दरोडा. भारतीय दंड संहितेत तसंच होतं, न्याय संहितेच्या कलम ३१० मध्येही तसंच आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. चार जण असतील तर दरोडा नाही, ही गंमत वकिलांसाठी.

(दृश्य : रिकामा रस्ता. आवाज नाही.)

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईतल्या दंगली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, इतर ५. जानेवारीतल्या हल्लेखोरांच्या हातात मुसलमानांच्या आस्थापनांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या, हेही त्याच अहवालात आहे.

यादी. भुकेल्या माणसाला यादी लागत नाही, त्याला वासाने कळतं धान्य कुठे आहे. यादी घेऊन येणाऱ्याला मालकाचं नाव वाचायचं असतं. त्या लुटीतला टीव्ही, फ्रीज, कापडाचे तागे कुणाच्या घरात गेले, ते शेजाऱ्यांना माहीत होतं. चांगल्या घरांत गेले. अशा लुटीला गरिबीची ढाल देणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांतल्या एकाच्याही पोटाला चिमटा बसलेला नव्हता.

(दृश्य : पुन्हा लालबाग. शटर आता पूर्ण वर.)

८२ साली या दुकानातून तांदूळ गेला, साखर गेली, वजनं गेली. तराजू कुणीतरी रस्त्यावर टाकून दिला होता, तो मिळाला. लाल वही मात्र मिळाली नाही. सुप्यात जे मुद्दाम जाळलं गेलं, ते इथे फुकटात गेलं. सात महिन्यांची सगळ्या चाळीची उधारी.

आत्ताचे शेठ तेव्हा शाळेत होते. वडिलांनी नवी वही आणून पहिलं पान कोरं ठेवलं, एवढं त्यांना आठवतं. आठ-दहा गिऱ्हाइकं आपणहून आली आणि आपापले आकडे तोंडी सांगून गेली. त्यांतल्या एका संपकऱ्याने साठ रुपये सांगितले. वडिलांच्या हिशेबाने ते शंभराच्या वर होते.

त्यांनी साठ लिहिले, आणि त्याला पळीभर गोडतेल दिलं. तेही लिहिलं.