शीर काढणारा हात

(दृश्य : ऑपरेशन थिएटर. कॅमेरा छातीवरून सरकत पायाकडे येतो.)

बायपास झालेलं माणूस घरात असेल, तर घोट्यापासून मांडीपर्यंत गेलेला लांबलचक वण तुम्ही पाहिला असेल. छातीची जखम भरून येते. रडगाणं चालतं ते पायाचं. त्यात मधुमेह असला की पाणी झिरपतं, टाके उसवतात, रोजचं ड्रेसिंग मागे लागतं.

१९६७ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सर्जन रेने फाव्हालोरो यांनी पायातली सॅफेनस शीर (आतल्या अंगाने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर) बायपाससाठी, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालण्यासाठी, वापरायला सुरुवात केली. पुढची जवळजवळ तीस वर्षं ती पाय उभा चिरूनच काढली जायची. नव्वदच्या दशकात दुर्बीण आली. आता गुडघ्याच्या आतल्या अंगाला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद आणि जांघेत एक बारीक भोक, एवढ्यावर भागतं.

पण शिरेचं काय? २००९ मध्ये एका मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांची वर्ष-दीड वर्षानंतरची अँजिओग्राफी तपासली गेली. दुर्बिणीने शीर काढलेल्यांपैकी ४६.७ टक्के रुग्णांत ग्राफ्ट, म्हणजे हृदयावर जोडलेली ती शीर, निकामी होत चाललेलं दिसलं. पाय उघडून काढलेल्यांत ३८ टक्के. या क्षेत्रात खळबळ उडाली. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ रुग्णालयांतल्या १,१५० रुग्णांच्या ‘रीग्रुप’ चाचणीचा निकाल आला. मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा करावी लागलेली अँजिओप्लास्टी वा बायपास, यांत दोन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक नव्हता. पायात जंतुसंसर्ग मात्र उघड्या पद्धतीत ३.१ टक्के, दुर्बिणीच्या पद्धतीत १.४ टक्के.

त्या चाचणीत शीर कुणी काढायची याला अट होती : हातून शंभराहून अधिक शिरा दुर्बिणीने निघालेल्या हव्यात, आणि अर्ध्यावर सोडून पाय उघडावा लागल्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत हवं. प्रशिक्षणाचा सगळा खटाटोप या अटीपर्यंत पोचण्यासाठी आहे.

(दृश्य : प्रशिक्षण कक्ष. कृत्रिम पाय, बाजूला मॉनिटर.)

सुरुवात सोनोग्राफीने. शीर कुठून जाते, किती खोल आहे, कुठे फुगलेली आहे, हे पेनाने त्वचेवर उमटवायचं. पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर वळवायचा. कापडाची गुंडाळी फक्त गुडघ्याखाली ठेवायची. मांडी किंवा पोटरी दाबली गेली, तर शिरेभोवती केलेला आतला बोगदा मिटतो.

बोगदा उघडा राहतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे, दाब पाऱ्याच्या १० ते १२ मिलिमीटरइतका. याच दाबाने शीर चपटी होते, रक्त साकळतं आणि आत गुठळ्या धरतात. म्हणून वायू सोडण्याआधी हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. भूलतज्ज्ञांची नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर हवी. शिरेला भोक पडलं, तर वायू रक्तात शिरू शकतो.

(दृश्य : मॉनिटर. पिवळ्या चरबीतून सरकणारा पारदर्शक शंकू.)

दुर्बिणीच्या टोकावरचा हा शंकू आधी शिरेच्या वरून पुढे न्यायचा, मग खालून, मग दोन्ही बाजूंनी. चरबी चिकटून काचेवर धुकं आलं, की बाहेर काढून पुसायचा. आंधळेपणाने रेटायचं नाही, पण नवशिका नेमका तिथेच रेटतो. शिरेची फांदी आडवी आली, तर तिच्या अलीकडून-पलीकडून वाट मोकळी करायची. शंकू फांदीवर ढकलला, की ती मुळातून उपटते आणि मूळ शिरेच्या भिंतीला भोक राहतं. पोटरीत आणखी एक अडचण : सॅफेनस मज्जातंतू शिरेला लागूनच असतो, तो दुखावला तर घोट्याची आतली बाजू बधिर होते. म्हणून शिकणाऱ्याला आधी मांडी देतात, पोटरी नंतर.

दुसऱ्या फेरीत शंकू काढून कापण्याचं हत्यार आत जातं. फांदी शिरेपासून शक्य तितकी लांब धरून जाळत कापायची. जवळ कापली, की उष्णता शिरेला लागते. ओढायची तर मुळीच नाही. शेवटी जांघेत बारीक भोक, डोळ्यांसमोर टोक पकडायचं, बांधायचं, कापायचं.

वर छाती उघडलेली, सर्जन शिरेची वाट पाहतोय. घाई इथे होते, आणि चुकाही. त्यामुळे वेळेची मर्यादा आधीच ठरवलेली बरी. ती उलटली, तर पाय उघडावा. त्यात कमीपणा काही नाही.

(दृश्य : वाडग्यात शीर, टोकाला कॅन्युला, म्हणजे बारीक नळी.)

घोट्याकडच्या टोकात कॅन्युला बसवतात, कारण आतल्या झडपांमुळे शीर उलटीच जोडावी लागते. फांद्यांची टोकं रेशमी दोऱ्याने किंवा क्लिपने बंद. उपटलेल्या जागी ७-० प्रोलीनचा (अतिशय बारीक धाग्याचा) टाका, तोही शीर आवळली जाणार नाही असा. गळती पाहायला सिरिंजने द्रव सोडताना हात हलका हवा. अंगठ्याच्या जोरावर दाब सहज ३०० मिलिमीटरच्या वर जातो आणि आतलं नाजूक अस्तर फाटतं. असं फाटलेलं अस्तर डोळ्यांना दिसत नाही. शीर बाहेरून छान, गुळगुळीतच वाटते.

प्रत्येक शिरेची नोंद होते : लांबी, वेळ, किती ठिकाणी शिवावं लागलं. बोगदा मात्र लगेच विसरला जातो. हेपारिनचा परिणाम उतरवणारं प्रोटामिन दिल्यावर तो पुन्हा पाहून, साचलेलं रक्त पिळून काढून, मग पायाला घट्ट इलॅस्टिक पट्टी बांधायची.