पिशवीतल्या गोळ्या

ही पिशवी बघा. कापडदुकानाची, एका बाजूला दुकानाचं नाव कानडीत, दुसऱ्या बाजूला मराठीत, बंद एकीकडं तुटलेला. आमच्या आजीची औषधं हिच्यातच असतात, गावाला जाताना पण हीच आणि दवाखान्यात पण हीच, फक्त दवाखान्यात कुणी ती उघडायला सांगत नाही.

आजी कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात राहते, नंदगडच्या पुढं, वय ७८. गेल्या पावसाळ्यात रात्री न्हाणीत पडली, खुबा मोडला नाही हे नशीब. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा ही पिशवी खाटेवर ओतली. अकरा प्रकारच्या गोळ्या. त्यातल्या पाच डोक्याच्या, म्हणजे झोप, मन, मेंदू असल्या कामाच्या. आणि एक पांढरी, अर्धी मोडलेली, कागदाच्या पुडीत, नाव नाही गाव नाही.

आता मजा अशी की यातली एकही गोळी कुणी उगाच दिलेली नाही. आजोबा गेले तेव्हा आजीची झोप उडाली, म्हणून जवळच्या डॉक्टरनं क्लोनाझेपाम दिली, दहा दिवस घ्या म्हणाला. दहा दिवसांची तीन वर्षं झाली, कारण जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला देतो आणि आणायला जाणारा मीच, मी तरी कुठं विचारलं. मग शुगरनं पायाची आग व्हायला लागली, मिरजेला पाव्हण्यांकडं गेली होती तिथल्या डॉक्टरनं अमिट्रिप्टिलीन दिली, तिच्यानं पायाची आग कमी होते आणि झोपपण येते. मग आजी जेवेना, बोलेना, तेव्हा बेळगावला नेली, तिथं मन उदास आहे म्हणून एस्सिटालोप्राम सुरू झाली. फक्त ती एकटी नव्हती, एकाच गोळीत एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम दोन्ही. आपल्याकडं असल्या जोडगोळ्या सर्रास मिळतात. म्हणजे आजी झोपेचं एकच औषध दोन नावांनी दोनदा घेत होती, एक बेळगावचं, एक गावातलं. आम्हाला कळणार कसं, मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून देतो आणि औषधाचं नाव नेमकं कापलेल्या तुकड्यावर राहतं.

पुढचं ऐका. आजीच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं थायाझाइड होतं. ते आणि एस्सिटालोप्राम जोडीनं चाललं की म्हाताऱ्या माणसात रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि सोडियम घसरलं की माणूस भांबावतो. आजी दाराकडं बघून म्हणायची, "हे येऊलालेत बघ, भाकरी वाढ." आजोबा जाऊन तीन वर्षं झालेली. घरात कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, रक्त तपासा असं कुणीच म्हणालं नाही. भास होतात म्हणून रिस्पेरिडोन आली. तिच्यानं हातपाय ताठले, लाळ गळायला लागली. ते थांबवायला ट्रायहेक्सिफेनिडिल आली. तिच्यानं तोंड कोरडं, शौचाला घट्ट, लघवी अडली, विसरणं आणखी वाढलं. आणि त्या लघवीसाठीच रात्री उठली आणि पडली.

औषधाचा त्रास हाच नवीन आजार समजून त्याच्यावर आणखी औषध, याला डॉक्टर लोकांत प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. आपल्या भाषेत, भोक बुजवायला ठिगळ आणि ठिगळ शिवताना आणखी एक भोक.

म्हाताऱ्या अंगात औषध वेगळंच वागतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, चरबीचं प्रमाण वाढलेलं असतं, किडनी सावकाश चालते. डायझेपाम घ्या, विशीतल्या पोराच्या रक्तातली निम्मी उतरायला साधारण २० तास लागतात, ऐंशीच्या माणसात ८० ते ९० तास. म्हणजे कालची उतरली नाही तोवर आजची, वर उद्याची. सकाळी म्हातारी झोकांड्या खाते आणि आपण म्हणतो वय झालं.

अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरनं १९९१ मध्ये म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती अजून चालते, २०२३ मध्ये पुन्हा नवी केली, तिच्यात सरळ आहे की मेंदूवर काम करणारी तीन किंवा जास्त औषधं एकत्र नकोत, माणूस पडतो. २००५ मध्ये तिथल्याच औषध खात्यानं इशारा दिला की स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना रिस्पेरिडोनसारखी औषधं दिली तर मरणाचा धोका वाढतो. अगदीच गरज पडली तर देतात, पण जपून आणि थोड्या दिवसांसाठी.

याचा अर्थ गोळ्या गटारात टाका असा नाही, हे मोठ्यानं सांगतो कारण आमच्या काकांनी तेच करायचं ठरवलं होतं. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. आणि औषधानं माणूस उभा राहतो हे पण खरं. गल्लीतले एक आजोबा लिथियम नावाच्या, मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर वीसेक वर्षं नीट आहेत, शेती केली, नातवंडांची लग्नं केली. त्यांचा घोळ झाला तो गुडघ्यानं. दुखतोय म्हणून दुकानातनं दुखण्याची गोळी आणून खाल्ली, वर जुलाब झाले, लिथियम रक्तात वाढलं, हात इतके थरथरायला लागले की कपातला चहा बशीत. लिथियम चालू असेल तर दुखण्याची साधी गोळी पण विचारून घ्यावी लागते, हे त्या मेडिकलवाल्याला सांगणार कोण?

इकडं भाषेची पण गंमत. डॉक्टर कानडीत बोलतो, कागद इंग्लिशमध्ये, आजीचं कानडी बाजारापुरतं, एष्टु म्हणजे किती आणि साकु म्हणजे पुरे. मिरजेच्या डॉक्टरला बेळगावची फाइल माहीत नाही, बेळगाववाल्याला मिरजेची नाही, आणि दोघांच्या मधल्या रेल्वेत बसलेली असते ती ही पिशवी.

मग आम्ही पिशवीसकट बेळगावला एका मानसोपचारवाल्या मॅडमकडं गेलो. त्यांनी सगळं टेबलावर मांडून घेतलं, सोडियम तपासलं, बीपीची गोळी फिजिशियनला विचारून बदलली. रिस्पेरिडोन आधी उतरवली, तिच्या मागनं ट्रायहेक्सिफेनिडिल, आणि क्लोनाझेपाम महिन्याला थोडी थोडी कमी, अजून चालूच आहे. जवळ कुणी नसेल तर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, आणि इकडं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्यचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मानसोपचाराच्या योजनेचं क्लिनिक असतं. जाताना पिशवी न्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि बामासकट.

आजी आता पहाटे तीनला उठते. चूल पेटवते, चहा ठेवते, आम्हाला शिव्या घालते. दाराकडं बघत नाही. मॅडमनी लिहिलेला एकच कागद मी मराठीत उतरवून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय, सकाळच्या आणि रात्रीच्या.

ती अर्धी पांढरी गोळी मॅडमनी उजेडात धरून बघितली, मेडिकलवाल्यानं बघितली, काकांनी पण बघितली. कशाची आहे कुणालाच सांगता आलं नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत, तूच आणलीस की."